लॅबमधलं काम आणि लोकांना सांगणं, दोन्ही एकाच माणसानं: जेस वेड आणि आपण

भौतिकी_मास्तर

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बरेच दिवस हा धागा काढायचा मनात होतं. आमच्याकडे बारावी सायन्सला हुशार पोरं येतात, मुली तर जास्तच, पण सगळ्यांच्या डोक्यात एक पक्कं बसलंय की संशोधन करणारा माणूस लॅबमध्ये गप्प बसतो आणि लोकांना विज्ञान सांगायचं काम दुसऱ्याच कोणाचं, म्हणजे पेपरवाले, चॅनलवाले नाहीतर आमच्यासारखे मास्तर. मला हे अजिबात पटत नाही. सांगणं हा संशोधनाचाच भाग आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते पटवायला मी हल्ली वर्गात जेस वेड या ब्रिटिश फिजिसिस्टचं उदाहरण देतो.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ती काम करते. शाळेनंतर आधी तिने आर्टचा फाउंडेशन कोर्स केला, मग फिजिक्सकडे वळली, २०१२ ला डिग्री आणि २०१६ ला पीएचडी, दोन्ही इम्पीरियलमधूनच. विषय ऑरगॅनिक सेमीकंडक्टर, म्हणजे कार्बनच्या रेणूंपासून बनवलेले अर्धवाहक, त्यांचे नॅनोमीटर जाडीचे पातळ थर आणि ते थर नीट मोजायचे कसे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज येईल.

आता तिचं मुख्य काम, इथे जरा थांबतो कारण हे मला फार आवडतं. काही रेणूंना पीळ असतो, डावा किंवा उजवा, त्याला कायरॅलिटी म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरचे शंख बघा, एका जातीच्या जवळजवळ सगळ्या शंखांचा पीळ एकाच बाजूचा, म्हणून तर देवघरातला उलट्या पिळाचा शंख इतका दुर्मिळ आणि महाग. डाव्या पिळाचा शंख कितीही फिरवला तरी उजव्यावर बसत नाही, रेणूंचंही तसंच. असे पिळाचे रेणू वापरून पातळ थर केला की त्यातून निघणारा प्रकाशही पीळ घेऊन निघतो, म्हणजे सर्क्युलरली पोलराइज्ड. आता ह्याचा उपयोग काय? तुमच्या मोबाईलला ओएलईडी स्क्रीन, म्हणजे अशाच ऑरगॅनिक पदार्थांतून उजेड देणारी स्क्रीन, असेल तर बाहेरचा उजेड परत येऊन चकाकू नये म्हणून तिच्यावर एक फिल्टरची फिल्म लावलेली असते आणि ती फिल्म स्क्रीनचा स्वतःचाच जवळजवळ निम्मा प्रकाश खाऊन टाकते, बॅटरी फुकट जाते. पण स्क्रीनमधून मुळातच योग्य पिळाचा प्रकाश निघाला तर तो त्या फिल्टरमधून आरामात पार होईल. जेस वेड आणि तिचे सहकारी ज्या पदार्थांवर काम करतात ते ह्यासाठी.

आणि दुसरी बाजू. २०१८ च्या सुमारास तिने विकिपीडियावर स्त्री शास्त्रज्ञांची आणि ज्यांच्याकडे दुर्लक्ष झालं अशा इतर संशोधकांची पानं लिहायला घेतली, रोज एक. दिवसभर लॅब, संध्याकाळी एक पान. तेव्हा इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांत बायका पाचात एक सुद्धा नव्हत्या. आज तिने लिहिलेल्या पानांची संख्या हजाराच्या वर गेलीये. २०१८ ला नेचर मासिकाने त्या वर्षीच्या दहा महत्त्वाच्या माणसांत तिला घेतलं, २०१९ ला ब्रिटिश सरकारने बीईएम (ब्रिटिश एम्पायर मेडल) हे पदक दिलं, २०२१ ला तिने लहान मुलांसाठी नॅनोवर एक चित्रमय पुस्तक लिहिलं. हे सगळं करताना लॅब सोडली नाही, हे मला मुलांना सांगायचं असतं.

तुम्हाला काय वाटतं? आणि कोकणात बसून आपल्याला यातलं काय करता येईल?

सड्यावरची

सर, धागा काढलात त्याबद्दल मनापासून आभार. मी एमएस्सी फिजिक्स, कोल्हापूरला शिकले, आता घरी रत्नागिरीत. प्रोजेक्टला झिंक ऑक्साइडचे नॅनोकण केले होते, तेव्हा जाणवलं की कण बनवणं सोपं, दिसणं कठीण. साध्या मायक्रोस्कोपखाली नॅनोकण दिसत नाही कारण दृश्य प्रकाशाची लांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर आणि कण त्याच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याएवढा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो आणि तो प्रत्येक कॉलेजात कुठून असणार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आयआयटी मुंबईत सैफ नावाची सोय आहे, बाहेरच्या कॉलेजांची सॅम्पलं पैसे भरून तपासून मिळतात. ही साधी माहिती सुद्धा मुलांपर्यंत पोचत नाही आणि मग "आमच्याकडे सोय नाही" म्हणून मुलं विषयच सोडतात.

रापण

मी मालवणचो, माझो बापूस मच्छीमार, मी पण सीझनला दर्यात जातंय. वाचून बरा वाटला. पण सर माका एक सांगा, ह्या नॅनोचा आमका काय उपयोग? स्क्रीन चकाकली काय नि नाय चकाकली काय. आमच्या बोटीच्या तळाक शिंपले चिकटतत, दरवर्षी खरवडूक लागतत नि रंग लावूक लागता, डिझेल जास्त जाता. त्याच्यावर काय असला तर सांगा.

भौतिकी_मास्तर

रापण, प्रश्न एकदम बरोबर आहे आणि असाच प्रश्न शास्त्रज्ञाला समोर बसवून विचारता आला पाहिजे. तळाला जे रंग लावतात त्यात बहुतेक तांब्याचा ऑक्साइड असतो, तांबं हळूहळू पाण्यात सुटतं आणि शिंपल्यांची पिल्लं तळावर बसत नाहीत. अडचण अशी की ते तांबं संपतं आणि पाण्यातही जातं, बंदरातल्या बाकी जीवांना त्रास. नॅनोकण केले की तेवढ्याच वजनाच्या तांब्याचा पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो, त्यामुळे कमी तांब्यात काम व्हावं हा विचार. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांच्या जाळ्यांवर नॅनो कॉपर ऑक्साइडचा थर देऊन असं काम झालंय. मालवणच्या पाण्यात बोटीच्या तळावर ते किती सीझन टिकेल हे मात्र तुमच्यासारख्या माणसाने बोट त्यांच्या हाती दिल्याशिवाय कळायचं नाही.

अजून एक, पिण्याच्या पाण्याचा. २००९ मध्ये टाटांचा स्वच्छ नावाचा फिल्टर आला, त्यात भाताच्या तुसाची राख आणि त्यावर चांदीचे नॅनोकण, वीज लागत नाही. तूस आपल्याकडे प्रत्येक गिरणीच्या मागे ढिगाने पडलेला असतो.

काळी_वाळू

मास्तर, तुस म्हणालात म्हणून माझं घोडं पुढे दामटतो. मी पावसजवळचा. आमच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे, लहानपणी जुन्या स्पीकरचं मॅग्नेट दोरीला बांधून फिरवायचो, काळे कण भसाभस चिकटायचे. पुढे बीएस्सीला कळलं की त्या वाळूत इल्मेनाइट आहे, लोखंड आणि टायटॅनियम यांचा ऑक्साइड, आणि मॅग्नेटाइटही आहे, मॅग्नेटला जोरात धावतं ते जास्त करून मॅग्नेटाइट, इल्मेनाइटची ओढ कमी. रत्नागिरी जिल्ह्यात ह्या वाळूची नोंद भूगर्भवाल्यांकडे कधीपासून आहे. त्याच इल्मेनाइटपासून टायटॅनियम डायऑक्साइड बनतो, भिंतीच्या पांढऱ्या रंगात तोच, टूथपेस्टमध्ये तोच.

आणि आता खरी गंमत. तोच पदार्थ नॅनो आकारात केला की पांढरा दिसतच नाही! कण प्रकाशाच्या लांबीपेक्षा खूप लहान झाले की ते दृश्य प्रकाश विखुरत नाहीत, पण अल्ट्राव्हायोलेट मात्र शोषतात. म्हणून सनस्क्रीन तोंडाला लावलं की पारदर्शक दिसतं आणि ऊनही अडवतं. पदार्थ तोच, फक्त आकार बदलला आणि गुण बदलले, नॅनोचं सगळं सार ह्यात आहे. आमच्या पुळणीवरच्या पोराला पहिल्यांदा हे सांगा आणि मग पुस्तकातली व्याख्या द्या, बघा कसं लक्षात राहतं. मला हे कोणी शाळेत सांगितलं असतं तर मी टायटॅनियमवरच पीएचडी केली असती, खरंच सांगतो.

नारळीपोफळी

काळी_वाळू, मस्त लिहिलंयत. माझ्याकडून अळूचं पान. पावसाळ्यात परसात अळू असतो, पानावर पाणी पडलं की मोत्यासारखं गोल होऊन घरंगळतं, पान कोरडं ते कोरडं आणि धूळही घेऊन जातं. पानावर बारीक उंचवटे असतात आणि त्यावर मेणाचे नॅनो आकाराचे स्फटिक, थेंब फक्त टोकांवर उभा राहतो, खाली हवा. कमळाच्या पानाचंही तेच. बार्थलॉट आणि नाइनहुइस या दोन जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञांनी १९९७ ला हे नीट समजावून सांगितलं आणि त्यावरून आपोआप स्वच्छ राहणारे रंग आणि काचा निघाल्या. मी अंगणवाडीत जाते तिथे चार-पाच वर्षांच्या मुलांना एक अळूचं आणि एक आंब्याचं पान देते, वर थेंब टाकायला लावते, आणि पानावर बोट घासलं की थेंब का पसरतो ते त्यांनाच विचारते. मेण निघतं म्हणून, हे एक-दोन मुलं स्वतःहून सांगतात.

पोंभुर्ल्याचा_पाहुणा

सर्वांचे प्रतिसाद वाचले. विज्ञान मराठीत सांगायचं म्हटलं की आपण लगेच परदेशी उदाहरणं शोधतो (जेस वेडचं उदाहरण उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही) पण बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. १८३२ ला दर्पण काढलं हे सगळ्यांना पाठ आहे. पण १८४० ला त्यांनी दिग्दर्शन नावाचं मासिक काढलं आणि त्यात भूगोल, इतिहासाबरोबर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र असे विषय मराठीत यायचे, हे फार कमी लोक सांगतात. एल्फिन्स्टनमध्ये ते गणित आणि खगोलशास्त्र शिकवायचे, कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही बघायचे. म्हणजे वेध घेणारा माणूस आणि लोकांना सांगणारा माणूस एकच. १८४६ ला गेले, चाळिशीही गाठली नाही. मास्तर जे म्हणतायत ते आपल्याच मातीत आधी होऊन गेलंय.

खाडीपलीकडे

चांगली चर्चा चाललीये तर माझी एक जुनी शंका विचारते. आमचं आजोळ विजयदुर्गला. तिथे किल्ल्यावर साहेबाचे कट्टे म्हणून जागा दाखवतात, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने इथून हेलियम शोधला असं सांगतात. आता तिथे १८ ऑगस्टला हेलियम दिवसही साजरा होतो. भाऊ म्हणतो की ते खरं नाही. मास्तर किंवा कोणी सांगेल का?

सड्यावरची

खाडीपलीकडे ताई, तुमच्या भावाचं म्हणणं बरोबर आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं, ते भारतातून दिसलं हेही खरं. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते आणि तिथे त्यांनी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फोडल्यावर दिसणारा रंगांचा पट्टा, बघितला. नॉर्मन लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडमध्येच होते, त्यांनी २० ऑक्टोबरला ग्रहण नसताना, तिकडूनच, दुर्बिणीला वर्णपटदर्शक लावून त्या ज्वाळांचा वर्णपट घेतला. सोडियमच्या पिवळ्या रेषांच्या जवळ एक वेगळी पिवळी रेषा दिसली, ५८७.५ नॅनोमीटरच्या आसपास, ती कोणत्याही माहितीतल्या मूलद्रव्याशी जुळेना. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं, रॅमसेंनी युरेनियमच्या एका खनिजातून तो वेगळा केला.

पण मला वाटतं दिवस साजरा करायला काहीच हरकत नाही. उलट त्या दिवशी कट्ट्यावर मुलांना जमवून हे खरं सांगा, एक साधा वर्णपट दाखवा, जुन्या सीडीवरून ट्यूबलाइटचा उजेड बघितला तरी रेषा दिसतात. खरी गोष्ट जास्त चांगली आहे! सूर्यावरचं मूलद्रव्य पृथ्वीवर सापडण्याआधी सत्तावीस वर्षं नुसत्या एका रेषेवरून ओळखलं, ह्यापेक्षा मोठं काय पाहिजे.

भौतिकी_मास्तर

सड्यावरची, हे फारच नेमकं लिहिलंत. जेस वेडच्या कामातही हाच मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. ती पानं लिहिते तेव्हा प्रत्येक वाक्याला संदर्भ लावावा लागतो, नुसतं "थोर होत्या" म्हणून चालत नाही. एक उदाहरण सांगतो. क्लॅरिस फेल्प्स या अमेरिकन बाई ओक रिजच्या प्रयोगशाळेत, ११७ व्या मूलद्रव्यासाठी लागणारं बर्केलियम शुद्ध करणाऱ्या टीममध्ये होत्या. जेसने २०१८ ला त्यांचं पान केलं, २०१९ ला ते "पुरेसे संदर्भ नाहीत" म्हणून उडवलं गेलं, मग लोकांनी संदर्भ गोळा केले, वाद झाले, आणि २०२० ला पान परत आलं. ग्लॅडिस वेस्ट यांचंही पान तिनेच केलं, उपग्रहांवरून पृथ्वीचा आकार अचूक मोजायचं ज्यांचं गणित पुढे जीपीएसच्या कामी आलं. रापण, तुमच्या बोटीवर जीपीएस आहे ना, त्यामागे ह्या बाईंचाही हात आहे.

आणि डॉना स्ट्रिकलंड. २ ऑक्टोबर २०१८ ला फिजिक्सचं नोबेल जाहीर झालं तेव्हा त्यांचं विकिपीडियावर पानच नव्हतं! कोणीतरी दिलेला मसुदा त्याच वर्षी मे महिन्यात संदर्भ कमी म्हणून नाकारला गेला होता. मी हे वर्गात सांगतो तेव्हा मुली एकदम गप्प होतात. नोंद नसणं म्हणजे काय हे त्यांना लगेच कळतं, समजावून सांगावं लागत नाही.

रापण

सर, जीपीएसचा म्हायती नव्हता. बापसाक सांगतंय. तो अजून नक्षत्र बघून दिशा सांगता, पण आता जीपीएसशिवाय कोण रात्री जाणा नाय. आणि ता कोचीचा बघूया, आमच्या सोसायटीत विचारतंय.

कातळशिल्प

मी जरा विरोधी मत मांडतो, राग नसावा. पीएचडी करताना पाच-सहा वर्षं जातात, जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तरी पैसे वेळेवर येतील याची खात्री नसते, गाइड म्हणतो पेपर काढ. त्यात लोकांना सांगायला वेळ कुठून आणायचा? माझा अनुभव, एका संस्थेत असताना शाळेत भाषण द्यायला गेलो तर "हे तुमचं काम नाही" असं ऐकावं लागलं. प्रमोशनमध्ये ह्याला मार्क नाहीत. जेस वेड इम्पीरियलमध्ये आहे म्हणून जमलं. गावातल्या पोराला आधी नोकरी पाहिजे.

भौतिकी_मास्तर

कातळशिल्प, तुमचं म्हणणं खोटं नाही आणि मी ते झटकून टाकणार नाही. नोकरीचा प्रश्न खरा आहे, मुलांना मी आधी जॅम, नेट, गेट, जेस्ट ह्या पुढच्या शिक्षणाच्या आणि संशोधनाच्या परीक्षांबद्दलच सांगतो. पण ज्यांनी दोन्ही केलं ते आपल्याकडेही आहेत आणि सोप्या काळात नाही केलं. कमला सोहोनींचं घ्या. १९३३ ला बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, मग वर्षभर प्रोबेशनवर घेतलं. पुढे केंब्रिजला वनस्पतींमध्ये सायटोक्रोम सी, म्हणजे पेशींना ऊर्जा मिळवायला लागणारं एक प्रथिन, असतं हे दाखवलं, १९३९ ला डॉक्टरेट. परत येऊन मुंबईत काय केलं तर डाळी, तांदूळ आणि नीरा ह्यांच्या पोषणावर काम, गरीब माणसाच्या पोटात काय जातं त्यावर. आणि नंतर कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत जाऊन ग्राहकांसाठी लिहिलं, भेसळ कशी ओळखायची वगैरे. त्यांना कोणी मार्क दिले?

आणि नारळीकर सर, मे २०२५ मध्ये गेले. विश्वरचनाशास्त्रात जगभर नाव, १९९६ ला युनेस्कोचं कलिंग पारितोषिक मिळालं ते विज्ञान लोकांपर्यंत नेल्याबद्दल. मुलांनी सही मागितली की म्हणायचे पोस्टकार्डवर प्रश्न पाठव, मी उत्तर लिहून सही करीन. नॅनोमध्येच बघायचं तर पुणे विद्यापीठाच्या सुलभा कुलकर्णी, लॅबही उभी केली आणि नॅनोटेक्नॉलॉजीचं पाठ्यपुस्तकही लिहिलं.

मार्क मिळत नाहीत हे बदललं पाहिजे, तिथे मी तुमच्याबरोबर आहे. पण मार्क मिळेपर्यंत थांबूया असं मात्र मला म्हणवत नाही.

कातळशिल्प

सोहोनींच्या नीरेच्या कामाबद्दल वाचलं नव्हतं. आमच्याकडे माडाची नीरा काढतात म्हणून जास्तच जवळचं वाटलं. भाषणाला बोलवलंत तर येईन मी तुमच्या कॉलेजात, ग्राफीनवर बोलेन. गाइम आणि नोवोसेलोव यांनी २००४ ला चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलून एक अणू जाडीचा थर, म्हणजेच ग्राफीन, काढला आणि २०१० ला नोबेल मिळालं, पेन्सिल आणि सेलोटेप घेऊन वर्गात अर्धा प्रयोग तरी करता येतो.

भौतिकी_मास्तर

नक्की या, आग्रहाचं आमंत्रण. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

मंडळी, आता कामाचं बोलू. माझी सूचना अशी की आपण इथल्या पाच-सहा जणांनी मराठी विकिपीडियावर काम सुरू करावं. नवीन पान करायच्या आधी शोधून बघा, पान असेल तर किती ओळींचं आहे आणि संदर्भ आहेत का ते तपासा, बहुतेक वेळा असलेलं पान वाढवणं जास्त उपयोगाचं. आधी वर्तमानपत्रं, मराठी विश्वकोश, मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेचे जुने अंक असे संदर्भ जमवा, मगच लिहा. कुठलंही वाक्य उचलून चिकटवायचं नाही, आपल्या शब्दात. जिवंत माणसांबद्दल लिहिताना घरचे तपशील नकोत, कामाबद्दलच.

सड्यावरची

मी कमला सोहोनी घेते. बिभा चौधुरी पण घेऊ का? कॉस्मिक रेवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांवर, काम केलेल्या आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) गेलेल्या पहिल्या महिला संशोधक.

नारळीपोफळी

मला अण्णा मणी द्या. हवामान खात्यात पुण्याला होत्या, ओझोन मोजायची उपकरणं त्यांनी भारतातच बनवून घेतली. पावसाचं यंत्र आमच्या शाळेच्या आवारात आहे, मुलं रोज मिलिमीटर लिहितात, त्यांना ह्या बाईंचं नाव माहीत झालंच पाहिजे. टाइप करायला मला जरा वेळ लागतो पण लिहीन.

खाडीपलीकडे

मी विजयदुर्गच्या पानावर हेलियमचं काय लिहिलंय ते आजच बघते. चुकीचं असेल तर सड्यावरची ताईंनी दिलेल्या तारखांचे संदर्भ शोधून दुरुस्त करू, पण ताई, तुम्ही एकदा माझं लिहिलेलं तपासून द्या.

सड्यावरची

हो देते की. मसुदा इथेच टाका, म्हणजे बाकीच्यांनाही बघता येईल.